तराजूतली गुंज आणि जंगलाचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यातली हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. घरोघरी पैंजण, साखळ्या, घुंगरं घडवण्याचं काम चालतं. तिथल्या एखाद्या जुन्या कारागिराने आपली पेटी उघडून दाखवली, तर हातोडी, चिमटे, कानस यांच्या सोबतीला तीन वनस्पतींच्या खुणा सापडू शकतात. एक म्हणजे रिठा. दागिना घासून उजळायला रिठ्याच्या फेसासारखं दुसरं काही नाही, असं चांदीकाम करणारे सांगतात. दुसरी चिंच. काळी पडलेली चांदी चिंचेच्या पाण्याने साफ होते, हे तर आपल्या घरातल्या आजीलाही माहीत असतं. आणि तिसरी, पेटीच्या कोपऱ्यात डबीत जपून ठेवलेली, लालबुंद आणि एका टोकाला काळा ठिपका असलेली गुंज.

आता गुंजेचं काम उरलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन दिसतं. पण शंभर वर्षांपूर्वी सोन्या-चांदीचा सगळा व्यवहार या बीवर तोलला जात होता. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे एका तोळ्यात ९६ गुंजा. इंग्रजी अमलात १८३३ साली तोळ्याचं वजन ठरवून दिलं गेलं. ते आजच्या मापात सुमारे ११.६६ ग्रॅम होतं. त्याला ९६ ने भागलं की एका गुंजेचं वजन येतं सुमारे ०.१२ ग्रॅम. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि गुंज तराजूतून उतरली. भाषेत मात्र ती राहिली. ‘गुंजभर सोनं’ आपण अजूनही म्हणतो.

रानातल्या वेलीचं हे बी सोनाराच्या तराजूत येऊन बसलं ते कशामुळे? आणि तराजूत येण्याआधी, माणसाचा काहीही संबंध नसताना, ते रानात कोणतं काम करत होतं? या दोन प्रश्नांचा माग काढत गेलं की आपण हुपरीहून निघून दाजीपूरच्या जंगलात पोचतो, तिथून पनामा आणि ऑस्ट्रेलियात, आणि शेवटी पुन्हा हुपरीच्या उसाच्या फडात येऊन उभे राहतो. विज्ञानातला एक मोठा प्रश्न सुटत कसा गेला, त्याचा हा इतिहास आहे.

सगळ्या गुंजा सारख्या असतात का?

गुंजा सगळ्या सारख्याच वजनाच्या असतात, म्हणून त्या वजनमाप झाल्या, असं नेहमी सांगितलं जातं. यातला एक भाग खरा आहे. गुंजेचं कवच इतकं टणक असतं की पाणी सहजी आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. त्यामुळे एकाच बीचं वजन पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात फारसं बदलत नाही. वजनमापाला हा गुण हवाच.

पण एक गुंज दुसरीइतकीच भरते का? युरोपात आणि पश्चिम आशियात हाच मान कॅरोब नावाच्या झाडाच्या बीला होता. ‘कॅरट’ हा शब्द त्यावरूनच आला. २००६ साली काही संशोधकांनी कॅरोबच्या बिया खरोखरच तोलून पाहिल्या. त्या इतर झाडांच्या बियांइतक्याच लहान-मोठ्या निघाल्या! मात्र त्याच अभ्यासात असंही दिसलं की माणसाची नजर बियांच्या आकारातला बारीक फरक ओळखते आणि सारख्या बिया वेचून काढू शकते. म्हणजे मापातला नेमकेपणा झाडाने दिलेला नव्हता, तो वेचणाऱ्याच्या नजरेने आणलेला होता. आमच्या मते गुंजेच्या बाबतीतही सोनाराच्या या नजरेला श्रेय द्यायला हवं.

झाडाच्या दृष्टीने पाहिलं तर बिया लहान-मोठ्या असणं हा दोष नाहीच. बी हा सोनाराचा ऐवज असेल, पण झाडासाठी ती पुढच्या पिढीची शिदोरी आणि प्रवासाची सोय असते. झाड स्वतः हलू शकत नाही. आयुष्यात एकदाच, बी असताना, त्याला जागा बदलता येते.

गुंजेचा लाल रंग याच प्रवासासाठी असावा. शेंग तडकते, पण बिया गळून पडत नाहीत. महिनोन्महिने त्या उघड्या शेंगेत चिकटून चमकत राहतात. पक्ष्यांना लाल-काळ्या रंगाची ओढ असते, कारण पुष्कळ झाडांच्या बियांभोवती अशाच रंगाचा रसाळ गर असतो. गुंजेला गर नाही. ती नुसताच देखावा करते. पक्षी फसून बी गिळतो, टणक कवचामुळे ती पचत नाही आणि दूर कुठेतरी विष्ठेतून बाहेर पडते, असा एक तर्क आहे. दुसरा तर्क असा की काही पक्षी पोटातलं धान्य दळायला खडे गिळतात, तसे ते ही बी गिळत असावेत. कोणताही तर्क घेतला तरी मुद्दा एकच राहतो, बीला आईपासून दूर जायचं आहे. पण दूर जाण्याचा एवढा आटापिटा कशासाठी? या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळायला विज्ञानाला शंभराहून जास्त वर्षं लागली.

आधी नावं, मग प्रश्न

आपल्या भागातल्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. जॉन ग्रॅहम यांची मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची यादी १८३९ साली छापली गेली. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी आणि निकोल डाल्झेल यांनी मिळून १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याच्या वनस्पतींचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. त्याचा आधार आजही घेतला जातो. कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ शिवाजी विद्यापीठाने २००२ साली प्रसिद्ध केला. तो एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांनी लिहिला आहे.

ही सगळी कामं ‘काय आहे’ हे सांगणारी होती, आणि ती आधी होणं भागच होतं. पण नावांची यादी जसजशी लांबत गेली तसतसं एक कोडं पुढे आलं. उष्ण प्रदेशात एवढ्या जाती का?

हे कोडं स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्यांपैकी एक होते आल्फ्रेड रसेल वॉलेस. अ‍ॅमेझॉन आणि मलाया द्वीपसमूहातली जंगलं त्यांनी अनेक वर्षं पायाखाली घातली होती. १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की अशा जंगलात एखादं झाड नजरेत भरलं आणि त्याच जातीचं दुसरं शोधायला गेलं, तर आसपास ते सापडत नाही. अर्धा मैल चाललं तर कदाचित दिसेल. युरोपातल्या जंगलात याच्या उलट असतं. तिथे एकदा बीच किंवा पाईनचं रान लागलं की मैलभर तेच झाड.

वॉलेसच्या या निरीक्षणात दोन गोष्टी आहेत. एक, जाती पुष्कळ आहेत. दोन, एका जातीची झाडं एकमेकांपासून लांब आहेत. दुसरी गोष्ट हीच पहिलीची किल्ली असेल, हे तेव्हा कोणाच्या फारसं ध्यानात आलं नाही.

बी किती दूर जाऊ शकते, याचा प्रयोगाने छडा लावायला तोवर चार्ल्स डार्विन यांनी सुरुवात केलेली होती. त्यांचे प्रयोग शाळेतही करता येतील इतके साधे होते. ८७ प्रकारच्या बिया त्यांनी खाऱ्या पाण्यात ठेवल्या. २८ दिवसांनंतर त्यांपैकी ६४ प्रकारच्या रुजल्या. एका लहान तळ्याच्या काठचा, पाण्याखालचा तीन मोठे चमचे चिखल त्यांनी कपात घालून सहा महिने अभ्यासिकेत झाकून ठेवला. रोप उगवलं की उपटायचं आणि मोजायचं. एकूण रोपं निघाली ५३७! पाणपक्ष्यांच्या पायांना लागलेल्या चिखलातून किती बिया प्रवास करत असतील, याचा अंदाज त्यावरून येतो. १८५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात डार्विननी हे सगळं दिलं आहे.

सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे संचालक राहिलेले हेन्री रिडले यांनी पुढे १९३० साली जगभरातल्या बीजप्रसाराची माहिती एका जाडजूड ग्रंथात गोळा केली. वारा, पाणी, मुंग्या, पक्षी, वटवाघळं, हत्ती असे सगळे वाहक त्यात आहेत. एकाच जातीची झाडं दाटीने उभी असली की कीड-रोग बळावतो, हेही त्यांनी नमूद केलं. पण तो उल्लेख तिथेच पडून राहिला.

आईच्या सावलीतला धोका

१९७० साली डॅनियल जॅन्झेन या अमेरिकन संशोधकाने एक लेख लिहिला. मध्य अमेरिकेच्या जंगलात ते बिया खाणाऱ्या किड्यांचा अभ्यास करत होते. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. झाडाच्या बहुसंख्य बिया त्याच्या बुडाशी पडतात. जसजसं दूर जावं तसतशा त्या कमी होतात. पण त्या झाडावर जगणारे किडे, अळ्या, बुरश्या हेही त्याच्याच आसपास जमलेले असतात. प्रत्येक जातीचे शत्रू बरेचसे तिचे स्वतःचे, ठरावीक असतात. तेव्हा बुडाशी पडलेली बी शत्रूच्या तोंडातच पडते. दूर गेलेल्या मोजक्या बियांना मात्र जगायची संधी मिळते. मग आईच्या बुडाशी कोण वाढतं? दुसऱ्याच जातीचं रोप, कारण हे शत्रू त्याचे नसतात.

नेमका हाच विचार जोसेफ कॉनेल यांनी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या जंगलात रोपांची मोजणी करून मांडला आणि १९७१ साली तो छापून आला. म्हणून या कल्पनेला दोघांचंही नाव मिळालं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा युक्तिवाद समजावून सांगायची गरज पडू नये. एकाच रानात वर्षानुवर्षं तेच पीक घेतलं की जमिनीत त्याचा रोग मुरतो, म्हणून आपण पिकांची फेरपालट करतो. जंगलात फेरपालट करायला शेतकरी नसतो. ते काम कीड आणि बुरशी करतात. एका जातीला त्याच जागी पुन्हा उभं राहू देत नाहीत आणि त्या जागी दुसरीला वाट करून देतात. कोणतीही एक जात सगळं रान व्यापून बसत नाही, कारण ती जितकी दाट होईल तितके तिचे शत्रू वाढतात.

याची उलट बाजू हुपरी परिसराने २००२ नंतर पाहिली आहे. पंचगंगा आणि दूधगंगा यांच्या मधल्या या पट्ट्यात नजर जाईल तिथपर्यंत ऊस. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता तो कोल्हापूर, सातारा, पुणे करत कर्नाटकातही पसरला. पानांच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर साचल्यासारखी दिसायची आणि पानं काळी पडायची. एका फडाला लागून दुसरा फड, त्याला लागून तिसरा. किड्याला एवढी मोठी, सलग पंगत जंगलात कधीच मिळाली नसती. शेवटी माव्याला खाणाऱ्या मित्रकिडींची मोठी मदत झाली. ज्यांनी तो उन्हाळा पाहिला आहे त्यांना जॅन्झेनचा लेख न वाचताही कळलेला आहे.

कल्पना खरी कशी ठरवायची?

सुंदर कल्पना आणि खरी कल्पना यांत फरक असतो. हे पारखायला झाडं मोजावी लागतात, तीही हजारोंनी आणि वर्षानुवर्षं. पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा एका टेकडीचं बेट झालं. त्याचं नाव बारो कोलोरॅडो. १९८० साली स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी तिथे ५० हेक्टरचा तुकडा आखला आणि एक सेंटिमीटरहून जाड असलेल्या प्रत्येक झाडाची नोंद सुरू केली. दोन लाखांहून जास्त खोडं आणि सुमारे ३०० जाती निघाल्या. भारतात असाच ५० हेक्टरचा तुकडा १९८८ साली मुदुमलाईत आखला गेला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने, रमण सुकुमार यांच्या पुढाकाराने हे काम केलं. मुदुमलाईचं जंगल कोरडं, पानगळीचं. तिथे जाती सुमारे ७०. मलेशियातल्या लाम्बीरच्या ५२ हेक्टरमध्ये मात्र सुमारे १,२००!

पुरावे हळूहळू जमा झाले. १९८३ साली कॅरोल ऑगस्पर्गर यांनी दाखवलं की पनामातल्या एका झाडाची रोपं आईजवळ बुरशीने फार मोठ्या प्रमाणात मरतात आणि दूर गेलेली जास्त वाचतात. २००० साली काइल हार्म्स आणि सहकाऱ्यांनी बारो कोलोरॅडोत २०० ठिकाणी जाळ्या टांगून पडणाऱ्या बिया मोजल्या आणि शेजारीच उगवणारी रोपं मोजली. ५३ जातींचा हिशेब केला. त्या सगळ्याच जातींत असं आढळलं की जिथे बिया जास्त पडतात तिथे बियांमागे रोपांचं प्रमाण घटतं. २०१४ साली मध्य अमेरिकेतल्या बेलिझमध्ये रॉबर्ट बागची आणि सहकाऱ्यांनी जंगलातल्या काही तुकड्यांवर बुरशीनाशक फवारलं. बुरशी हटली तर काय व्हायला हवं? आपल्याला वाटेल की रोपं वाढतील आणि जंगल समृद्ध होईल. झालं उलटंच. रोपांतली विविधता सुमारे १६ टक्क्यांनी घटली. ज्या रोगाला आपण शत्रू समजतो तोच विविधतेचा राखणदार निघाला.

म्हणून प्रश्न संपला असं समजू नये. खुद्द हबेल यांनी २००१ साली वेगळा विचार मांडला. जातींचं कमी-जास्त होणं पुष्कळसं योगायोगाने, कोणाची बी मोकळ्या जागेत आधी पोचली यावरही समजावता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मुदुमलाईत वणवा आणि दुष्काळ यांचा हात मोठा आहे. या क्षेत्रातले लोक आजही भांडतात. पण कोणताही पक्ष घेतला तरी एक गोष्ट दोघांनाही लागते. बी झाडापासून दूर पोचली पाहिजे.

डोडोची गोष्ट, आणि तिच्यातला धडा

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती पाठ्यपुस्तकांत आणि निबंधांत फिरत असते. मॉरिशस बेटावर टांबालाकोक नावाचं झाड आहे. १९७७ साली स्टॅन्ले टेम्पल यांनी लिहिलं की या झाडाची फक्त १३ म्हातारी झाडं उरली असून सगळी ३०० वर्षांहून जुनी आहेत. डोडो पक्षी सतराव्या शतकात नष्ट झाला. त्याच्या पोटातून गेल्याशिवाय ही बी रुजत नव्हती, म्हणून झाडही संपत चाललं. टेम्पल यांनी टर्की पक्ष्यांना १७ बिया चारल्या. दहा शाबूत बाहेर आल्या आणि त्यांतल्या तीन रुजल्या.

गोष्ट फारच गोड होती आणि जगभर पसरली. पण पुढे इतर अभ्यासकांनी तपासलं तेव्हा या झाडाची तरुण झाडंही बेटावर असल्याचं दिसलं. कोणत्याही पक्ष्याच्या पोटातून न गेलेल्या बियाही रुजतात हे आढळलं. न चारलेल्या बियांशी तुलनाच मूळ प्रयोगात नव्हती. झाडाच्या अडचणीला माणसाने आणलेली माकडं, डुकरं, परक्या वनस्पती अशी बरीच कारणं निघाली. एक पक्षी, एक झाड अशी कुलूप-किल्लीची जोडी निसर्गात क्वचितच असते. बहुतेक झाडांना पुष्कळ वाहक असतात. पण म्हणून वाहक गेल्याने काही बिघडत नाही, असंही नाही.

दाजीपूरचे पेरणारे

हुपरीहून पश्चिमेला, शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर दाजीपूर आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात ही संस्थानची राखीव शिकारीची जागा होती. १९५८ साली इथे गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि १९८५ साली ते वाढून राधानगरी अभयारण्य झालं. २०१२ साली जागतिक वारसा म्हणून नोंदलेल्या पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांत तेही आहे. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं भोगावतीवरचं राधानगरी धरण आणि दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण, दोन्हींना पाणी इथल्या डोंगरांवरून येतं. भोगावतीचं पाणी पुढे पंचगंगेत जातं. म्हणजे हुपरीच्या दोन्ही अंगांनी वाहणारं पाणी या झाडांच्या मुळांतून झिरपून आलेलं असतं. चांदीच्या गावाचा आणि जंगलाचा हा दुसरा, रिठ्या-गुंजेहून फार मोठा संबंध.

इथलं जंगल अंजनी, जांभूळ, पिसा यांचं. या तिन्ही झाडांना मांसल फळं येतात, म्हणजे तिन्ही झाडं कोणाच्या तरी पोटावर अवलंबून आहेत. अंजनीची बारकी फळं बुलबुलासारखे लहान पक्षीही खातात. जांभळं उदमांजर, वटवाघळं, माकडं, पक्षी सगळेच खातात. भेरली माडाची फळं खाऊन उदमांजर वाटेवरच्या दगडावर बियांचा ढीग ठेवून जातं, तो रानात हिंडणाऱ्या कोणीही पाहिलेला असेल. मोठ्या बियांची फळं मात्र मोठ्या चोचीलाच पेलतात. धनेश हा त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, नर लांबून फळं आणून भरवतो आणि ढोलीखाली बियांचा खच पडतो. पण उरलेल्या काळात तोच पक्षी मैलोन्मैल उडत बिया विखरतो.

फळ खाणारा प्रत्येक जण पेरणारा असतो असं मात्र नाही. आपला राज्यप्राणी शेकरू बहुधा बी फोडूनच खातो. आपला राज्यपक्षी हरियाल. त्याच्या जवळच्या नातेवाइकांचा मलेशियात अभ्यास झाला. ते उंबरासारख्या फळांतल्या बिया पोटात दळून टाकतात, असं दिसलं. म्हणून ‘कोण काय खातं’ एवढी नोंद पुरत नाही. ‘खाल्ल्यानंतर बीचं काय होतं’ हेही पाहावं लागतं.

१९९२ साली केंट रेडफर्ड यांनी ‘रिकामं जंगल’ असा शब्दप्रयोग केला. झाडं उभी आहेत, उपग्रहाच्या चित्रात रान हिरवंगार आहे, पण मोठे प्राणी-पक्षी शिकारीमुळे नाहीसे झालेले आहेत. अशा जंगलात आजची झाडं दिसतात, उद्याची दिसत नाहीत. २००९ साली पिया सेठी आणि हेन्री हाऊ यांनी अरुणाचलच्या जंगलांत हेच मोजून दाखवलं. जिथे शिकार आणि तोड झाली होती तिथे धनेशावर अवलंबून असलेल्या झाडांची रोपं कमी होती. झाड दोन-तीनशे वर्षं जगतं, त्यामुळे नुकसान आपल्या हयातीत दिसतच नाही. वारस नसलेल्या वाड्यासारखं ते उभं राहतं.

देवराया ही याच चित्राची दुसरी बाजू. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल वैज्ञानिक जगापुढे मांडलं. हुपरीच्याच तालुक्यात आळत्याजवळ अल्लमप्रभूची देवराई आहे. देवाच्या धाकाने तिथली फांदी शतकानुशतकं कोणी तोडली नाही. पण सभोवती शेती आणि वस्ती वाढली की देवराई बेटासारखी होते. एका बेटातली बी दुसऱ्या बेटावर नेणारा कोणी उरला नाही, तर धाक असूनही रान आतून म्हातारं होतं. कुऱ्हाड थांबवणं पुरेसं नसतं. येणं-जाणंही चालू राहावं लागतं.

आमची फसलेली रोपवाटिका

हे सगळं आम्ही पुस्तकांतून वाचलेलं होतं. तरीही काही वर्षांपूर्वी शाळेच्या मुलांना घेऊन उघड्या टेकडीवर झाडं लावायचं ठरलं तेव्हा आम्ही काय केलं? रस्त्याकडेचं एक दणकट जांभळाचं झाड गाठलं. एका सकाळी त्याच्या बुडाशी पडलेल्या पोतंभर बिया वेचल्या आणि एकाच वाफ्यात दाट पेरल्या. उगवण झकास झाली. मुलं खूश झाली. पावसाची झड लागली आणि आठवड्याभरात रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. मिरचीच्या तरव्यात होते तशी मर. शेजारच्या शेतकऱ्याने पाहताक्षणी सांगितलं, “सर, एवढं दाट घालतात व्हय?”

जॅन्झेन आणि कॉनेल यांचं म्हणणं आम्ही आमच्याच वाफ्यात सिद्ध करून घेतलं होतं. पुढच्या वर्षी बिया वेगवेगळ्या गावांतल्या पंधरा-वीस झाडांखालून आणल्या, दहा-बारा जातींच्या आणल्या आणि विरळ लावल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टेकडीवर आधीपासून उभ्या असलेल्या दोन उंबरांना हात लावू दिला नाही. आज त्या टेकडीवर आम्ही न लावलेली रोपंही दिसतात. ती बहुतेक सगळी त्या उंबरांच्या खाली किंवा पक्षी बसतात त्या खांबांखाली आहेत. ज्यांना आम्ही आमंत्रण दिलं नव्हतं ते पाहुणे येऊन पेरून गेले.

वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात किती खड्डे, किती रोपं याचा हिशेब ठेवला जातो. किती जाती, किती आई-झाडं आणि बी वाहून नेणारे किती, हा हिशेब कोणी मागत नाही. आपण शिक्षकांनी तो मागायला हवा.

वर्गात करण्यासारखं

मुलांसोबत दोन गोष्टी सहज करता येतील. पहिली, डार्विनचा चिखल. पंचगंगेच्या किंवा गावतळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल कुंडीत घ्या, ओला ठेवा, उगवलेलं प्रत्येक रोप मोजून काढा. किती प्रकार निघाले? तिथे ते कसे आले असतील? दुसरी, चिंच, कडुनिंब किंवा जांभूळ असं एखादं झाड निवडा. खोडापासून २, ५, १० आणि २० मीटरवर एक-एक चौरस मीटर आखा. प्रत्येक चौकोनात बिया किती आणि त्याच झाडाची रोपं किती, ते मोजा. बियांमागे रोपांचं प्रमाण काढा. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा आणि दिवाळीनंतर पुन्हा. उत्तर पुस्तकाप्रमाणे येईलच असं नाही. आलं नाही तर का, यावरची चर्चा जास्त मोलाची.

एक सूचना महत्त्वाची. गुंजेची बी अतिशय विषारी असते. चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. वर्गात दाखवायची तर बंद काचेच्या बाटलीत दाखवावी, मुलांच्या हातात देऊ नये.

बाटलीतली ती बी पाहताना मुलांना एवढं जरूर सांगावं. सोनाराने हिला तराजूत घातलं ते ती स्थिर, न बदलणारी वाटली म्हणून. पण वेलीने तिला लाल रंग दिला होता तो तिने एका जागी राहू नये म्हणून. ९६ गुंजांचा तोळा आपण मोजला. रानातल्या एका बीने पार केलेलं अंतर मोजायला आपण आत्ता कुठे सुरुवात केली आहे.